अर्धं तिकीट

परवा दुपारी स्वारगेटहून वाईला निघाले होते. "एक वाई," म्हटलं. कंडक्टर पोरानं मानही वर न करता मशीनवर बोटं चालवली आणि टर्रकन पट्टी माझ्या हातात दिली. अर्धं तिकीट. मार्च २०२३पासून बायकांना एस.टी.त निम्मं भाडं आहे, तेव्हा यात नवल काही नाही. तरी मला हसू आलं. माझं अर्धं तिकीट नानांनी बंद केलं होतं. ते सरकारनं पन्नाशीत परत सुरू केलं.

नाना, म्हणजे माझे वडील, कंडक्टर होते, वाई डेपोला. मुलांना अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंत. आपल्याकडच्या आया हे बारावं वर्ष दोन-तीन वर्षं तरी पुरवतात. माझ्या आईनंही पुरवलं असतं. पण मला बारा पूर्ण झाली त्याच आठवड्यात आम्ही पाचगणीला मावशीकडे निघालो आणि गाडी नेमकी नानांची निघाली. घाट लागायच्या आत ते तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आले. आई म्हणाली, "एक फुल, एक हाफ." नाना म्हणाले, "दोन फुल." आई आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, मंगळवारी तर झालीत बारा."

"झालीत ना?" टिक, टिक. पंच मारून मोकळे.

बरं, वरचे पैसे स्वतःच्या खिशातून घालतील, तर तेही नाही. ड्युटीवर चढताना जवळचे खासगी पैसे वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहून द्यावे लागतात, आणि वाटेत चेकर चढला नि रोकड जुळली नाही तर नोकरीवर येतं. म्हणून भरल्या गाडीत आईनं बटव्यातून नोट काढून नवऱ्याला दिली आणि नवऱ्यानं चामडी पिशवीत हात घालून तिला मोड परत केली. पाचगणी येईपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. घाटातला देखावा काही इतका बघण्यासारखा नाही.

नानांच्या जन्माचा दाखला १ जूनचा. म्हणजे त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा असतो तसा, गुरुजींनी घातलेला. पण नानांना त्याचा भारी अभिमान, कारण १९४८ साली पहिली एस.टी. पुणे-नगर रस्त्यावर धावली तीही १ जूनलाच. "त्या गाडीचा कंडक्टर कोण?" हे ते पाहुण्यांना, जावयाला, एकदा तर गॅसवाल्यालाही विचारायचे. लक्ष्मण केवटे, हे उत्तर आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ होतं.

घरातही त्यांची ड्युटी सुटली नाही. रात्री कडी लावायच्या आधी सोप्यात उभे राहून विचारायचे, "कोण राहिलं?" लग्नात पंगत बसली की डोकी मोजायचे. कुणी मोजायला सांगितलेलं नसायचं. आकडा कुणाला सांगायचेही नाहीत. मोजला की त्यांना बरं वाटायचं, एवढंच.

निवृत्त झाले तेव्हा पंच, पेटी, बिल्ला, सगळं डेपोत जमा करून रीतसर पावती घेऊन आले. त्यामुळे पुढे नातवाबरोबर गाडी-गाडी खेळायला खरं असं काहीच नव्हतं. कॅलेंडरच्या पानांची तिकिटं कापली. पंच म्हणून खुर्चीच्या हातावर नख वाजवायचं. भाडं चिंचोक्यांत. एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरचा असतो. नानांनी सोपा ते परसदार हा एक टप्पा धरला. पाचच्या आत फुकट, म्हणून माझा मुलगा मजेत हिंडायचा. त्याला पाच पूर्ण झाल्यावर एक दिवस आजोबांनी हात पुढे केला, "अर्धा चिंचोका." आता चिंचोका अर्धा कसा करणार? पोरगा रडकुंडीला आला. नानांनी अख्खा चिंचोका घेतला, तिकिटामागे 'अर्धा येणे' असं लिहून सही केली, आणि दिवाळीला आम्ही परत गेलो तेव्हा अडकित्त्यानं फोडलेला अर्धा चिंचोका त्याच्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून त्याचा नानांवर जो विश्वास बसला, तो माझ्यावर अजून बसायचाय.

मुक्कामी गाडी मात्र त्यांच्या जिवाची. धोम धरणाच्या वरच्या अंगाला एका गावी ती रात्री थांबायची. जाताना नाना लोकांची औषधं, चष्मे, कुणाच्या पोराचा विसरलेला डबा घेऊन जायचे. सकाळी पहिल्या फेरीबरोबर घरी घेवडा यायचा. त्याचे पैसे ते देत असत का, हे मी कधी विचारलं नाही. देत असणार.

या सगळ्यात त्यांना एकच शत्रू होता, वडाप. स्टँडच्या तोंडाशी जीप लावून "वाई वाई वाई" ओरडणारे ते लोक. पावसात भिजत उभे राहतील, पण नाना वडापमध्ये बसायचे नाहीत, आम्हालाही बसू दिलं नाही.

ते गेले २०२२च्या जानेवारीत. संप चालू होता, गाड्या डेपोत उभ्या. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट झाली ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये; तेवढा एक वाद आमचा राहून गेला. दहाव्याला त्या मुक्कामाच्या गावची माणसं आली, म्हातारी म्हातारी, काठ्या टेकत. जीप करून आली होती. वडापवाल्यानं कुणाकडून पैसे घेतले नाहीत म्हणे.

नानांना ते मुळीच पटलं नसतं. आई आत गेली, पैसे घेऊन आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "डोकी मोज, आणि देऊन ये."