मागे जाणारा अंगठा

भाच्याने व्हिडिओ गेमचे पॅड माझ्या हातात ठेवले आणि विचारले, "मावशी, तू कोण घेणार?" पडद्यावर 'स्ट्रीट फायटर ६'मधले अठरा चेहरे दाटीवाटीने मांडलेले होते आणि त्यांतला प्रत्येक जण माझ्याकडे, आधीच माझा काहीतरी अपराध झालेला असावा, अशा नजरेने पाहत होता. आयुष्यात कधी मारामारीचा खेळ न खेळलेल्या माणसाला हा प्रश्न किती अवघड असतो याची त्या पोराला कल्पना नव्हती, कारण त्याचे स्वतःचे पात्र केव्हाच ठरलेले होते आणि तो त्याच्याबद्दल सख्ख्या नातेवाइकासारखा बोलत असे. या खेळात मुरलेली मंडळी अशा ठरलेल्या पात्राला 'मेन' म्हणतात. नवख्याला पहिल्याच दिवशी कळते ते एवढेच, की इतर सगळ्यांकडे मेन आहे आणि आपल्याकडे नाही.

ही पंचाईत मुळात नव्हती. १९८७ साली आलेल्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये निवडण्यासारखे काही नव्हतेच. पहिल्या खेळाडूच्या वाट्याला रयू येई, दुसऱ्याच्या वाट्याला केन, आणि दोघांच्या हालचालीही सारख्याच. १९९१ साली दुसरा भाग आला तेव्हा एकदम आठ जण समोर उभे राहिले, एकाचे काही दुसऱ्यासारखे नाही असे (रयू आणि केन तेवढे सोडून), आणि 'तू कोण घेणार' हा प्रश्न तिथून सुरू झाला. 'टेक्केन ८' हा याच जातीचा दुसरा खेळ २०२४ साली बाजारात आला तो बत्तीस जणांना घेऊन. या बत्तिसांतल्या कुणालाही नीट चालवायला शिकायचे, म्हणजे त्याचा कोणता ठोसा किती लांब पोहोचतो, कोणती लाथ चुकली तर तो उघडा पडतो, आणि समोर उरलेल्यांपैकी कोण आले तर काय करायचे, हे सगळे हातात मुरवायचे. त्यात आठवडे जातात. म्हणून एकच पकडून बसावे लागते, आणि म्हणूनच निवड करताना हात थरथरतो.

मी केनला निवडले, आणि त्याला कारण एक जुने चित्रीकरण होते. मारामारीच्या खेळांच्या 'इव्हो' नावाच्या मोठ्या स्पर्धेत २००४ साली 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक'च्या एका सामन्यात जपानचा दाइगो उमेहारा केन खेळत होता आणि त्याच्यासमोर अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन बसला होता. केनचा जीव इतका थोडा उरला होता, की चुन-लीचा मोठा हल्ला नुसता अडवला असता तरी अडवण्यात होणाऱ्या किरकोळ इजेनेच तो मेला असता. त्या खेळात हल्ला परतवण्याची एक रीत अशी होती, की मार अंगावर येतो त्या नेमक्या क्षणी दिशेची कळ पुढे, म्हणजे मारणाऱ्याच्याच दिशेने, टिचकी मारल्यासारखी दाबायची. चुन-लीच्या लागोपाठ पंधरा लाथा आल्या, दाइगोने पंधराही परतवल्या आणि उलटून मारून सामना घेतला. ते पाहणाऱ्या प्रेक्षकांचा आरडाओरडा ऐकून कुणालाही वाटावे की केन घ्यायचा, आणि मला वाटले. वीस वर्षांपूर्वीची ती करामत पात्राच्या नव्हे, तर एका माणसाच्या बोटांत होती, एवढा साधा हिशेब मी तेव्हा केला नाही.

सरावाच्या पडद्यावर केन माझे सगळे ऐकत असे. उडी मारून येणाऱ्याला खालून वर जाणाऱ्या ठोशाने पाडायचे, त्यासाठी दिशेची कळ पुढे, मग खाली, मग त्या दोहोंमधल्या कोपऱ्यात, आणि ठोसा. दहापैकी सात वेळा तो बरोबर निघू लागला तेव्हा मी भाच्याला सामन्याला बोलावले. त्याने उडी मारली. ही उडी सुमारे पाऊण सेकंदाची असते. म्हणजे, खेळ सेकंदाला साठ चित्रांच्या हिशेबाने चालतो असे धरले तर, पंचेचाळीस चित्रांची. डोळ्यांनी पाहून बोट हलायला माणसाला साधारण बारा ते पंधरा चित्रांइतका वेळ लागतो. हल्ल्यांतला सर्वांत चपळ ठोसा चौथ्या चित्रालाच लागतो, त्यामुळे तो पाहून अडवणे कुणालाच शक्य नाही, पण उडी अडवण्याएवढा वेळ तर प्रत्येकाकडे असतोच. माझ्याकडेही होता. मला उडी दिसली, काय करायचे ते आठवले, आणि तेवढ्यात लक्षात आले की माझा अंगठा केव्हाच मागे गेलेला आहे आणि कळ घट्ट दाबून बसलेला आहे. मागे दाबले की पात्र बचाव करते. उडी संपली, लाथ हातांवर बसली, भाचा खाली उतरून मला धरून फेकून मोकळा झाला, आणि मी अजून मागेच दाबत होते.

हे एकदा झाले असते तर सोडून दिले असते. पण प्रत्येक वेळी हेच. डोके एक सांगे, अंगठा त्याच्या मनाचे करी, आणि अंगठ्याचे मन एकच होते : मागे.

मग मी पुढच्या वाटेने गेले, जी बहुतेक नवख्यांची असते, म्हणजे पात्रांची क्रमवारी. तिला 'टियर लिस्ट' म्हणतात आणि तीत सगळ्यांना वरपासून खालपर्यंत उतरंडीसारखे रचलेले असते. वरच्या पायरीवरचा एक उचलला, आठवडाभर त्याच्यामागे लागले आणि पूर्वीइतक्याच वेळा हरले. या याद्या खोट्या नसतात, पण त्या करणारी माणसे असे गृहीत धरतात की खेळणाऱ्याला पात्राकडून जे जे होण्यासारखे आहे ते सगळे करवून घेता येते. माझ्यासारखीच्या हातात सर्वांत बलवान पात्र म्हणजे पोहता न येणाऱ्याला दिलेली उत्तम होडी. उलट्या टोकाला डॅनसारखे पात्र असते. हा १९९५ साली 'स्ट्रीट फायटर आल्फा'मध्ये आलेला, चेष्टेखातर मुद्दाम दुबळा घडवलेला गडी. त्याच्या हातून निघालेला ऊर्जेचा गोळा वीतभर जातो आणि विरतो. अशा पात्रालाही आपला मानून वर्षानुवर्षे खेळणारे लोक आहेत, हे कळल्यापासून माझा याद्यांवरचा विश्वास बराच उडाला आणि माणसांवरचा थोडा वाढला.

खरे प्रेम मला झांगीफवर जडले. हा रशियन पैलवान, अंगावर जखमांच्या खुणा, चाल मंद, पण एकदा जवळ पोहोचला की समोरच्याला उचलून, हवेत गरगरा फिरवून, डोक्यावर आपटणार. त्याचा तो डाव मारायला दिशेची कळ गोल फिरवावी लागते, आणि इथेच नवख्याची फजिती ठरलेली असते, कारण त्या गोलात 'वर' ही दिशा येते आणि वर म्हणजे उडी. बोट जरा रेंगाळले की पैलवान प्रतिस्पर्ध्यासमोर उभ्या जागी उडी मारतो. मी शत्रूच्या नाकासमोर इतक्या निरर्थक उड्या मारल्या, की भाच्याने अखेर खेळ थांबवून विचारले, "मावशी, तू त्याला घाबरवतेयस की नमस्कार करतेयस?" पण फिरवणे जमायला लागल्यावरही मूळ अडचण राहिलीच. झांगीफला सामन्याचा अर्धा वेळ मार खात पुढे चालावे लागते. एक ठोसा अडवायचा, अर्धे पाऊल पुढे. दुसरा अडवायचा, आणखी अर्धे. ज्याला पुढे जायचे आहे त्याचेच हे काम, आणि माझा अंगठा दर ठोशानंतर दोन पावले मागे येत असे. कोपऱ्यात अडकलेला झांगीफ पाहिला आहे का? कपाट हलवायला बोलावलेला माणूस स्वतःच कपाटामागे अडकावा, तसा तो दिसतो.

मध्येच भाच्याने धालसिम सुचवला, तो भारतीय आहे या एकाच आधारावर. त्याचे हातपाय रबरासारखे लांबतात, तोंडातून ज्वाळा निघतात आणि उडी मारली की तो तरंगत येतो. दुरूनच मारता येते हे मला पटले होते, पण लांब गेलेल्या हातालाही मार लागतो हे कळल्यावर, आणि तसा तो बऱ्याचदा लागल्यावर, आमचे सूत जुळले नाही. 'टेक्केन ३'मधला एडी म्हणून एक गडी होता, कपोएरा ही ब्राझीलची नाचासारखी युद्धकला खेळणारा, त्याला घेऊन बटणे नुसती बडवली तरी पाय आपोआप भिरभिरत आणि नवखा माणूस जिंकून जाई. त्याची आठवण भाच्याने मोठ्या तुच्छतेने काढली. मला मात्र तो योग्य वेळी भेटला असता तर बरे झाले असते असे वाटून गेले.

गाइलला मी स्वतःहून कधीच निवडले नसते. अमेरिकेच्या हवाई दलातला हा माणूस, केस असे उभे आणि वरून सपाट की त्यावर चहाचा कप ठेवावा, आणि सामना जिंकला की खिशातून कंगवा काढून ते केस विंचरणार. पण एका संध्याकाळी माझे हरणे पाहता पाहता भाचा माझ्या पडद्याऐवजी माझ्या हाताकडे पाहू लागला होता. "तू सारखी मागेच दाबून धरतेस," तो म्हणाला. मी ओशाळले. "मग गाइल घे ना. त्याला तेच लागतं."

गाइलचे डाव गोल फिरवून निघत नाहीत. त्याला साठवावे लागते. कळ मागे दाबून धरायची, सेकंदाहून थोडा कमी वेळ, मग पुढे आणि ठोसा, की त्याच्या हातांतून वाऱ्याची एक चकती सुटते. खाली दाबून धरायची, मग वर आणि लाथ, की तो मागे कोलांटी घेता घेता उडी मारून आलेल्याला हवेतच कापतो. आता खाली आणि मागे यांमधल्या कोपऱ्यात कळ दाबून बसले तर दोन्ही साठे एकाच वेळी भरत राहतात, आणि गंमत अशी, की तोच कोपरा म्हणजे खाली बसून बचाव करण्याचीही जागा. म्हणजे मी इतके दिवस घाबरून जे करत होते, तेच करत बसलेली ही व्यक्ती प्रत्यक्षात बंदूक भरत होती. भाच्याने सवयीप्रमाणे उडी मारली. माझा अंगठा सवयीप्रमाणे मागच्या-खालच्या कोपऱ्यात होता. तिथून त्याला फक्त वर जायचे होते. आवाज झाला, भाचा आडवा पडला, आणि आम्ही दोघेही काही क्षण पडद्याकडे नुसते पाहत राहिलो.

पुढचे तीन आठवडे मी त्या कोपऱ्यात संसार थाटला. दूर उभे राहायचे, चकत्या सोडायच्या, कुणी वैतागून उडी मारली की कोलांटी. अनोळखी लोकांशी ऑनलाइन खेळताना समोरच्याचा वैताग त्याच्या पात्राच्या चालण्यातून कळतो. तो पुढे येतो, थांबतो, मागे जातो, आणि मग न राहवून उडी मारतोच. मला हे इतके आवडू लागले की माझे मला आश्चर्य वाटले. पण जरा बऱ्या खेळाडूंची गाठ पडू लागली आणि ते उडी मारेनात. ते सावकाश चालत येत, चकती आली की अडवत, पुन्हा चालत येत, आणि माझ्या पाठीला पडद्याची कड लागली की मागे जायला जागाच उरत नसे. अशा वेळी गाइललाही पुढे यावे लागते, आणि पुढे पाऊल टाकले की साठवलेले सगळे वाहून जाते. एक पाऊल पुढे म्हणजे जवळजवळ सेकंदभर निःशस्त्र.

यावर गाइल खेळणाऱ्यांचा एक जुना तोडगा आहे, आणि भाच्याने तो मला जेवणाच्या टेबलावर दोन चमचे सरकवून समजावला. चकतीचे वेग वेगवेगळे असतात. हलक्या ठोशाने सोडली तर ती सर्वांत मंद जाते, इतकी मंद की तिच्यामागून चालत जाता येते. समोरचा ती अडवण्यात गुंतलेला असतो, तेवढ्यात आपण दोन पावले पुढे पोहोचलेलो असतो. एक चमचा पुढे, त्याच्यामागे दुसरा.

काल रात्री समोर एक झांगीफ आला. मी मंद चकती सोडली आणि अंगठा पुढे नेला. एक पाऊल, दुसरे पाऊल. चकती पैलवानाच्या हातांवर फुटली, आणि आता आमच्यामध्ये काहीच नव्हते, त्याचे ते दोन प्रचंड हात सोडून. मागे जावे असे अंगठ्याला फार वाटत होते. मी आणखी एक पाऊल पुढे टाकले, खाली वाकून एक लाथ मारली, ती लागली, आणि त्यानंतर त्याने मला उचलून, गरगरा फिरवून, डोक्यावर आपटले. पुन्हा खेळायचे का, असे पडद्याने विचारले. होकाराचे बटण त्याच अंगठ्याने दाबले.