रजिस्टर्ड एजंट म्हणून आम्ही मित्राचं नाव टाकलं होतं

बुधवार संपून गुरुवार लागला होता, पहाटेचे तीन वाजले असतील, आणि व्हॉट्सअॅप वाजलं. डॅलसजवळ राहणारा नवऱ्याचा कॉलेजचा मित्र त्याच संध्याकाळी नाशिकहून परत आला होता, जेटलॅगने झोप येईना म्हणून साठलेलं टपाल उघडत बसलेला. त्याने एका कागदाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "वहिनी, मी निघायच्या आदल्या दिवशी एक माणूस दारात हे देऊन गेला होता, तुमच्या कंपनीचं दिसतंय, बॅगा भरायच्या गडबडीत सांगायचं राहूनच गेलं."

कागदावर पहिलंच वाक्य होतं, तुमच्यावर दावा दाखल झालाय.

आमचा पॅकबंद मसाल्यांचा आणि फराळाचा धंदा आहे, न्यू जर्सीत २०१६ साली एलएलसी, म्हणजे मालकांची जबाबदारी मर्यादित असलेली कंपनी, काढली. पुढे टेक्सासमध्ये माल चांगला जायला लागला तेव्हा डॅलसजवळ एका वेअरहाऊसमध्ये जागा घेतली आणि तिथे एक मुलगी कामाला ठेवली. आमच्या सीपीएने, म्हणजे इथल्या सीएने, सांगितलं की आता नुसती विक्री राहिली नाही, तिथे तुमचा माल पडून असतो, माणूस पगारावर आहे, तर टेक्सासमध्ये कंपनी रजिस्टर करावी लागेल. इथल्या कायद्यात न्यू जर्सीची कंपनी टेक्सासला गेली की ती "फॉरेन" होते, हे मला पचायलाच वेळ लागला. पुण्यात भावाची कंपनी एकदा रजिस्टर झाली ती सगळ्या देशाला चालते, वेगवेगळ्या राज्यात त्याला जीएसटी नंबर वेगळे घ्यावे लागतात तेवढेच. इथे प्रत्येक राज्यात कंपनीची वेगळी नोंद, वेगळी फी, आणि त्या राज्यातला एक रजिस्टर्ड एजंट. म्हणजे असा माणूस किंवा अशी कंपनी जिचा त्याच राज्यात खरा पत्ता आहे, पीओ बॉक्स चालत नाही, आणि जी ऑफिसच्या वेळेत तिथे हजर असते, कारण कोर्टाचं समन्स आलं तर ते तिच्या हातात दिलं की तुमच्यावर बजावलं गेलं असं धरतात. तुमच्यापर्यंत ते पोचलं की नाही हे कुणी विचारत नाही.

टेक्सासची फी ७५० डॉलर भरताना एजंटचे वर्षाला अजून सव्वाशे कशाला द्यायचे असं आम्हाला वाटलं. मित्र घरून काम करतो, दिवसभर घरीच असतो, तो लगेच हो म्हणाला, त्याचं नाव आणि घरचा पत्ता फॉर्मवर टाकला आणि आम्ही विसरून गेलो. तोही विसरला. बरं, तो पत्ता सरकारी रेकॉर्डवर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे त्याच्या घरी आमच्या कंपनीच्या नावाने सरकारी दिसणारी पण खरं तर पैसे उकळायची पत्रं यायची, कुठलं सर्टिफिकेट घ्या, कुठलं पोस्टर लावा, इतक्या डॉलरचा चेक पाठवा. तो ती बाजूला ठेवून द्यायचा. मग त्यातच एक खरं पाकीट आलं तर त्याला कसं कळणार.

दावा एका ट्रकवाल्या कंपनीने लावला होता. ऑगस्टच्या उन्हात दोन पॅलेट माल खराब झाला होता, आम्ही बिल अडवलं होतं, त्यावरून भांडण, व्याजासकट मागणी ३४ हजार डॉलरची. भांडणात आमची बाजू आहे याची खात्री होती, आमच्याकडे फोटो होते, तापमानाची नोंद होती. पण बाजू मांडायला आधी वेळेत उत्तर द्यायला हवं ना. टेक्सासच्या कौंटी कोर्टातला नियम असा की कागद हातात पडल्यापासून २० दिवस संपले की त्यानंतर येणाऱ्या सोमवारी सकाळी १० वाजेपर्यंत लेखी उत्तर दाखल झालं पाहिजे, नाहीतर समोरचा एकतर्फी निकाल मागू शकतो. मी अंथरुणात बसून बोटांवर दिवस मोजले. पाकीट दिलं शुक्रवारी. आज एकोणीस संपून विसावा लागला होता. म्हणजे येणारा सोमवार, आणि मधे शनिवार रविवार.

गुरुवारी सकाळी नऊला तिथला वकील शोधायला सुरुवात केली, कारण एलएलसीला त्या कोर्टात स्वतः उभं राहता येत नाही, वकीलच लागतो. तिसऱ्या फोनवर एक बाई हो म्हणाल्या. शुक्रवारी दुपारी त्यांनी ऑनलाइन उत्तर दाखल केलं, जेमतेम एक पान, की आम्हाला दाव्यातलं काहीच मान्य नाही. त्याची पोच मेलवर आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. पुढे चार महिन्यांनी तडजोड झाली, बिलातला काही भाग आम्ही भरला. फोटो कामाला आले. ते सोमवारनंतर काढून दाखवले असते तर कुणी बघितले असते का, मला शंका आहे.

त्यानंतर मी सगळी राज्यं एकेक करून बघितली, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पेनसिल्व्हेनियात रजिस्टर्ड एजंट म्हणतच नाहीत, रजिस्टर्ड ऑफिस म्हणतात, स्वतःचा पत्ता नसेल तर राज्याच्या यादीतल्या कंपनीचा पत्ता घ्यायचा. तिथे राज्याला कंपनीची माहिती कळवायचा रिपोर्ट आधी दहा वर्षांतून एकदा असायचा, २०२५ पासून दरवर्षी झालाय, एलएलसीला ३० सप्टेंबरपर्यंत, फी फक्त ७ डॉलर, आणि ७ डॉलरची गोष्ट म्हणूनच ती विसरली जाते. न्यूयॉर्कला तर सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणारा राज्याचा अधिकारी, हाच तुमचा एजंट, समन्स तिकडे जातं आणि तुम्ही दिलेल्या पत्त्यावर ते पुढे पाठवतात, तुम्ही जागा बदलली आणि कळवलं नाही तर कागद जुन्या पत्त्यावर जाणार आणि तरी बजावणी पक्की. शिवाय एलएलसी असेल तर १२० दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत सलग सहा आठवडे जाहिरात द्यावी लागते, बाहेरच्या राज्यातली एलएलसी असली तरी. क्वीन्समध्ये गोडाऊन घ्यायचा विचार आम्ही त्या खर्चामुळे एक वर्ष पुढे ढकलला. नुसता माल पार्सलने दुसऱ्या राज्यात पाठवला तर एवढं सगळं लागत नाही, सेल्स टॅक्सचा हिशोब वेगळा, तो २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून नुसत्या विक्रीवरही लागू शकतो, या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात.

आता सगळीकडे एकच एजंट कंपनी आहे, प्रत्येक राज्याचे वेगळे पैसे. कागद आला की त्या दिवशीच स्कॅन होऊन मेल येतो, आणि तो मेल मला, नवऱ्याला आणि सीपीएला असा तिघांना जातो, हे मी मागून करून घेतलं, कारण आधी एकच पत्ता होता आणि तो होता जुन्या मॅनेजरचा, जो नोकरी सोडून गेलाय. एजंट घेतला म्हणजे काम संपलं असं नाही, तो फक्त कागद पोचवतो. राज्यांचे रिपोर्ट भरून द्यायचे बरेच एजंट वेगळे पैसे घेतात, आमचे आम्हीच भरतो.

टेक्सासमध्ये एजंट बदलायचा फॉर्म ४०१, फी १५ डॉलर. तो मंजूर झाल्यावर मी मित्राला फोन केला, मेसेज नाही केला. तो अजून ते पाकीट मायक्रोवेव्हवर ठेवलं होतं हेच सांगत होता, आठवण राहावी म्हणून मुद्दाम तिथे ठेवलं होतं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला टॅक्सी आली. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही काहीच चुकला नाहीत, त्या कागदाचा अर्थ काय ते आम्हीच तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, दिवाळीला चकल्या पाठवा, यावेळी दोन डबे.