एल्कसाठी काडतूस घेताना मी काय बघतो

यंदा कोलोरॅडोत एल्कचा (सांबरासारखं मोठं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागलाय आणि गेले दोन आठवडे ऑफिसातून आलो की मी काडतुसांची खोकी काढून बसतो. इथे नव्याने शिकारीला लागलेले आपले दोघेतिघे मला एकच विचारतात, कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, कुठली घेऊ? मी म्हणतो कॅलिबरचं नंतर बघू, आधी गोळी आतून कशी बनलीय ते बघ.

हे मी महागात शिकलोय. पहिल्या सीझनला माझ्याकडे सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम रायफल होती, भन्नाट वेगाची, आणि मी तिच्यात हरणासाठीची १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी गोळी घातली, म्हणजे आत शिसं आणि वर तांब्याचं पातळ कवच. ८० यार्डावर नर उभा होता, गोळी खांद्याच्या हाडावर बसली आणि तिथेच फुटली, फुफ्फुसापर्यंत गेलीच नाही. पाच तास रक्ताचा माग काढला तेव्हा तो सापडला. ते पाच तास मी अजून विसरलेलो नाही. कोकणात आमचे आजोबा १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधी ठासणीच्या बंदुकीने रानडुकरं मारायचे, जखमी जनावर रानात असताना ते जेवायला बसत नसत, ते तेव्हा खरं कळलं.

मोठा नर एल्क सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो, आपल्या सांबराहून मोठा, हाडं जाड. त्याला अशी गोळी हवी जी पसरेल पण तुटणार नाही. जॉन नॉस्लरला हाच अनुभव १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसवर आला होता, त्यातून त्याने मधे तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी काढली, पुढचा भाग पसरतो आणि मागचा आत घुसत राहतो. आता बाँडेड गोळ्या मिळतात, ज्यात शिसं कवचाला जोडलेलं असतं, आणि अख्ख्या तांब्याच्याही मिळतात.

मी तांब्याकडे वळलोय, कारण मांस आम्ही घरी खातो, पोरं खातात, आणि शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात जातात, डोळ्याला दिसत पण नाहीत. कॅलिफोर्नियात तर मेलेल्या जनावरातलं शिसं पोटात जाऊन मरणाऱ्या काँडोर गिधाडांसाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशावर पूर्ण बंदी आहे. तांब्याच्या गोळीची एक अडचण म्हणजे तिला पसरायला वेग लागतो, म्हणून फार लांबून मारू नये, मी ३०० यार्डांच्या पुढे जात नाही.

वजनाचं म्हणाल तर ग्रेन ऐकून गोंधळू नका, १८० ग्रेन म्हणजे बरोबर आपला जुना तोळा, ११.६६ ग्रॅम. कोलोरॅडोत एल्कसाठी कमीत कमी ८५ ग्रेनची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते, पण ती खालची मर्यादा झाली, मला स्वतःला तेवढ्यावर भरवसा नाही.

मॅग्नम मी विकली. तिच्या धक्क्याने मी ट्रिगर दाबताना डोळे मिटायला लागलो होतो. आता साधी थर्टी-ऑट-सिक्स आहे, १९०६ चं काडतूस, १६५ ग्रेन तांबं. एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली, तीन खोकी आणलीत, कारण लॉट बदलला की नेम कधी कधी सरकतो. त्यातलं एक पूर्ण रेंजवर संपवणार, २०० यार्डांवर झिरो करून, म्हणजे तिथे नेम बरोबर बसेल अशी दुर्बीण जुळवून, आणि निम्म्या गोळ्या तरी टेबल सोडून गुडघ्यावर बसून, डोंगरात टेबल कुठून येणार.