मिशनची शाळा आणि देऊळ ओस का पडले?

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी येणारे पाहुणे मिशनची पडकी शाळा आणि तिच्या लगतचे कुलूपबंद देऊळ, म्हणजे आमचे चर्च, पाहून हमखास विचारतात, की मिशनरी परत गेले म्हणूनच हे झाले ना? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले आणि पुढे खेडोपाडी, बहुधा गावकुसाबाहेरच्या वस्त्यांजवळ, एकेका खोलीच्या शाळा उघडल्या. आठवडाभर पाढे घोकून घेणारे मास्तरच रविवारी उपासना चालवीत, ना. वा. टिळकांची भजने म्हणवून घेत आणि मयत झाली तर प्रार्थनेलाही तेच उभे राहत. गोरे साहेब दौऱ्यापुरते येत. मंडळी, म्हणजे गावातला ख्रिस्ती उपासक समाज, टिकून होती ती मास्तरांच्या पगारावर, आणि तो पगार शाळेचा होता.

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. आमच्या गावात परिषदेची शाळा भरू लागली, तशी मिशनच्या शाळेची पटसंख्या घसरली. याची तक्रार मी करणार नाही, कारण साऱ्या गावाची मुले एका वर्गात बसू लागली हे चांगलेच झाले. पण मास्तरांची जागा गेली आणि रविवारचा माणूसही गेला. अनेक गावे सांभाळणारे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एखाद्या रविवारी येत. एरवी सारी भिस्त वर्गणीवर, आणि दुष्काळी भागातली वर्गणी बाजरीच्या पिकावर.

त्यातच जी मुले या शाळेत शिकली, ती परिचारिका, शिक्षक, रेल्वेतले कारकून होऊन पुण्या-मुंबईला गेली. मागे राहिलेल्यांपुढे वेगळाच पेच होता. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात ख्रिस्ती बसत नाहीत. बौद्धांना १९९० मध्ये ती मान्यता मिळाली, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. मुलांच्या सवलती जाऊ नयेत म्हणून काही घरांनी देवळात उघडपणे येणे सोडले, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

आता शहरातली मंडळी नाताळाला येतात तेव्हा छपराच्या पत्र्यांसाठी आनंदाने पैसे देऊ करतात. तेच पैसे दरमहा एखाद्या माणसाच्या पगारासाठी द्या, असे मी सुचवतो, तेव्हा मात्र विषय बदलतो.