नऊ आकडी नंबर

शनिवार, १५ मार्च २०२५. रात्री साडेअकरा.

काल धुळवड होऊन गेली. जिन्यात अजून गुलाबी पाण्याचे ओघळ आहेत, आणि मी खिडक्या लावून २६एएस (कुणी माझा किती कर कापून सरकारात भरला, त्याचा तक्ता) उघडून बसलेय. आज अॅडव्हान्स टॅक्सचा शेवटचा दिवस. मला भरायचं सहसा काही नसतंच, उलट कापून गेलेलं परत मागायचं असतं. पण कुणी किती कापलं आणि कापलेलं खरंच सरकारात भरलं का, हे मार्च संपायच्या आत बघून ठेवते. एकदा हात पोळलाय.

डिसेंबरपर्यंतची यादी, पाच नावं. तिघांनी १० टक्के कापलेत, दोघांनी १. म्हणजे तिघांच्या लेखी मी व्यावसायिक आणि दोघांच्या लेखी कंत्राटदार. काम एकच: मजकूर वाचायचा आणि ‘कि’ दिसला की ‘की’ करायचा. छोटे प्रकाशक या यादीत येतच नाहीत, त्यांचं वर्षाचं बिल ३०,०००च्या आतलं. (१ एप्रिलपासून ही मर्यादा ५०,००० होतेय. चला, तेवढंच परत मागायचं कमी.)

पण आज यादी उघडली ती कराच्या काळजीनं नव्हे. दुपारी नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्या, म्हणजे छपाईसाठी कंप्युटरवर पानं लावून देणाऱ्या, काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग सहज सांगावं तसं म्हणाले, “यंदाचे दिवाळी अंक उरकले की दुकान बंद करतोय. गुडघे ऐकत नाहीत, आणि मुलगा काही यात येणार नाही.” मी “हो का, बरं” म्हटलं. फोन ठेवून चहा टाकला आणि तो उतू गेला.

मग पेन्सिल घेऊन प्रत्येक नावापुढे लिहीत गेले, हे काम मुळात आलं कुठून. पहिली संस्था वार्षिक अहवाल लावून घ्यायला काकांकडे यायची. दुसऱ्या ठिकाणी त्याच संस्थेतल्या मॅडम नोकरी बदलून गेल्या आणि जाताना माझा नंबर घेऊन गेल्या. शालेय पुस्तकंवाल्यांकडे काकांचा जुना ऑपरेटर लागलाय. भाषांतराच्या एजन्सीत माझं नाव सांगणाऱ्या बाईंचा प्रबंध मी वाचला होता, आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं काकांनीच. पाचवं नाव तेवढं माझं मी मिळवलेलं. त्यांचेच पैसे अडकलेत.

आठ वर्षं मी समजत होते की माझ्याकडे पाच ठिकाणचं काम आहे.

२०१६मध्ये नोकरी सोडली तेव्हा मी फार शिस्तीत सुरुवात केली होती. एक्सेलमध्ये ४३ एजन्सींची यादी, कुणाला कधी मेल केला, आठवण कधी केली, सगळं रंगवून. उत्तरं दोन आली. दोघांनी ‘छोटीशी चाचणी’ पाठवली, एकीनं तर ६०० शब्दांची. फुकट करून दिली, मनापासून, दोनदा वाचून. पुढे चिडीचूप. बोली लावायच्या साइटवर जाऊन बघितलं तर तिथे शब्दाला १५ पैसे सांगणारे बसलेले. त्या भावात चांगलं भाषांतर करून कुणाचं घर चालत असेल तर मला त्याला भेटायचंय.

काम मिळालं ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझ्या वाट्याच्या कामात नव्हतीच. २०१७चा सप्टेंबर. एका दिवाळी अंकाची प्रुफं पानाला १५ रुपयांनी वाचत होते. जाहिरातींची पानं वाचायची नव्हती, त्यांचे पैसेही नव्हते. पण गठ्ठ्यात एक आलं होतं, एका सराफाचं अर्धं पान. नथ, समई, ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि खाली मोबाइल नंबर. नंबर वाचताना जीभ अडखळली. दहा आकडे पाच-पाच म्हणायची सवय असते ना, तर दुसऱ्या पाचात चारच होते. बोटानं मोजले. नऊ. रात्रीचे साडेदहा वाजले होते. अंकावर छापलेल्या डीटीपीवाल्यांच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून वैतागलेला आवाज, “कोण?” मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही, नुसता माउसचा आवाज. मग, “सकाळी प्लेट छपाईला जाणार होती.” एवढंच. ‘थँक्यू’सुद्धा म्हणाले नाहीत.

त्यानंतर काकांनी माझी ओळख करून द्यायचं एक वाक्य ठरवून टाकलं: “या बाई नंबरसुद्धा मोजतात.” माझी एमएची पदवी, व्याकरण, नोकरीतली वर्षं, यातलं काही ते कुणाला सांगत नाहीत. कमिशन कधी घेतलं नाही. दिवाळीत चकलीचा डबा तेवढा घेतात आणि रिकामा परत देत नाहीत, त्यात पुढच्या कामाची प्रुफं घालून देतात.

आईला माझ्या कामाचं कोडं तिच्या भाषेत सुटलंय. जुलै ते ऑक्टोबर वार्षिक अहवाल आणि दिवाळी अंक, तो माझा खरीप. जानेवारीपासून शाळेची पुस्तकं, ती रब्बी. मधल्या डिसेंबरात आणि मेच्या शेवटी नुसतं आभाळाकडे बघायचं. फोनवर विचारते, “यंदा रब्बी लागली का गं?” भाषांतर म्हणजे तिच्या हिशेबात विहिरीचं पाणी, बारमाही. दोन वर्षं तसं होतंही. एजन्सीकडून दर आठवड्याला फाइल, माझ्या कमाईतला निम्म्याहून मोठा वाटा तिथला. त्या भरात मी दोन दिवाळी अंकांना नाही म्हटलं, तेही जरा तोऱ्यात. मग गेल्या ऑगस्टमध्ये मेल आला: यापुढे भाषांतर मशीन करेल, तुम्ही फक्त तपासा, दर निम्मा. पहिलीच फाइल एका कर्जाच्या फॉर्मची. शेवटी ‘सेव्ह’च्या जागी बटणावर लिहिलेलं, ‘वाचवा’. कर्जाच्या फॉर्मखाली ‘वाचवा’! एकटीच हसत बसले. पण प्रत्येक वाक्य असं उघड चुकत नाही, तीच अडचण. बरीचशी नुसती मोडक्या मराठीत असतात, ती सरळ करायला नव्यानं लिहिण्याइतकाच वेळ जातो आणि पैसे मिळतात तपासण्याचे. तरी घेते अजून. महिन्याला दोन फाइली, जास्त नाही.

अडकलेल्या पैशांचं मात्र यंदा गंमतशीर झालं. डिसेंबरचं बिल. जानेवारीत फोन केला तर “प्रोसेसमध्ये आहे”, फेब्रुवारीत “साहेब टूरवर आहेत”. ज्या मैत्रिणीनं मला उद्यम नोंदणी करायला लावली (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट असते, आधार-पॅनवर होते, मी उगाच तीन वर्षं लांबवली) ती म्हणाली, बिलावर उद्यमचा नंबर टाक आणि गप्प बस. आमचं बिल चुकतं करायला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५, हा कायदा २००६चा. त्याला कुणी भीक घालत नव्हतं. पण २०२३-२४पासून असं झालंय की आमच्यासारख्या नोंदणीवाल्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च करात धरता येत नाही. परवा अकाउंट्समधून स्वतःहून फोन: “मॅडम, उद्यमचं सर्टिफिकेट मेल करता का? ३१च्या आत क्लिअर करायचंय.” मॅडम! जानेवारीत ‘कोण बोलतंय’ होतं.

रात्री जेवण झाल्यावर काकांना परत फोन केला. दुकान बंद करू नका, असं म्हणायला तोंड नव्हतं. विचारलं, त्या जुन्या फाइलींचं काय करणार? त्यांच्या हार्डडिस्कांवर पंचवीस वर्षांची पुस्तकं आहेत, सगळी श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटात. आवृत्ती पुन्हा काढायची किंवा ई-बुक करायचं म्हटलं की ती युनिकोडमध्ये न्यावी लागतात, आणि नेताना रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्या’ फुटतो. कुणीतरी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय ती छापता येत नाहीत. काका म्हणाले, “फाइली प्रकाशकांच्या आहेत, ज्याच्या त्याला परत देणार. पण त्या वाचायच्या कुणी, हे ते मलाच विचारणार ना.”

मग म्हणाले, सोमवारी अकराला ये. कुणाकुणाला फोन करायचे ते सांगतो.

“मोबाइलवर नको लिहून घेऊस,” म्हणाले. “वही आण.”