आमची वाटचाल : साखळीची दोन टोकं

अशोक स्तंभाजवळच्या गाळ्यात, पोटमाळ्यावर आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू झालं तेव्हा नाशकातल्या छापखान्यांत डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचा, जोर होता. लगीनसराईत मशीन बंद पडलं की मालक स्वतः सीपीयू रिक्षात घालून आणायचे.

पुढे आमचं नाव झालं ते जुन्या स्कझी मशीनमुळे (स्कझी म्हणजे डिस्क, स्कॅनर वगैरे एकाच केबलवर साखळीसारखे जोडण्याची जुनी पद्धत), पण सुरुवात माझ्याच चुकीने झाली. एका प्रेसमध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरला बाहेरची हार्ड डिस्क आणि तिच्यापुढे स्कॅनर जोडलेला होता. स्कॅनर कधी दिसायचा, कधी गायब. टर्मिनेशन, म्हणजे साखळीच्या टोकाला सिग्नल जिरवणं, जितकं जास्त तितकं चांगलं, अशा समजुतीने मी आतली डिस्क, बाहेरची डिस्क आणि स्कॅनर अशा तिन्ही ठिकाणी ते काम करणारे टर्मिनेटर लावून दिले. दोन दिवसांत फाइल कॉपी होताना मशीन अडकलं. प्रेसचे काका रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, पत्रिका उद्या द्यायच्यात रे."

त्या रात्री मी अख्खी साखळी कागदावर काढली. रामकुंडाच्या पायरीवर आपटलेली लाट मागे फिरते, तसा केबलच्या मोकळ्या टोकावरून सिग्नल उलटा येतो. तो टोकालाच जिरवायचा असतो. साध्या टर्मिनेटरमध्ये प्रत्येक सिग्नलची तार २२० ओहमने टर्मिनेशनच्या ५ व्होल्टला आणि ३३० ओहमने ग्राउंडला जोडलेली असते. सिग्नल देताना तार शून्य व्होल्टकडे खाली ओढायला स्कझीच्या चिपला ४८ मिलीअँपिअरची ताकद दिलेली. दोन टर्मिनेटरना फार तर ४५ लागतात. तिसरा लावला की ६८! चिप बिचारी कुठून ओढणार? आतली डिस्क हे एक टोक, स्कॅनर हे दुसरं. मधल्या डिस्कवरचा टर्मिनेटर, म्हणजे रेझिस्टरचे तीन पॅक, मी नाकचिमट्याने, पिन न वाकवता उपटले. सकाळी पत्रिका छापायला गेल्या.

तेव्हापासून आमच्याकडे साखळीतल्या प्रत्येक उपकरणाचा वेगळा आयडी नंबर तपासण्याआधी टोकं तपासतात. पट्टी केबलचा शेवटचा कनेक्टर लोंबकळत ठेवून डिस्क मधल्यावर लावलेली असते, हे आजही दर चार-पाच मशीनमागे एकदा दिसतं. मग मल्टिमीटरने टर्मिनेशनचा व्होल्टेज बघायचा. तो ४.२५ च्या खाली असेल तर आधी फ्यूज आणि डायोड. १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसला हा नियम लावून एकदा आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने अर्धा दिवस घालवला. ते मशीन टर्मिनेशनला वीज देतच नाही, ती बाहेरच्या डिस्ककडूनच घ्यावी लागते.

आता जुन्या डिस्क थकल्या. त्यांच्या जागी डिस्कचं काम करणारे एसडी कार्डाचे बोर्ड बसवतो, पण ते टोकाला आहेत की मध्ये, हा प्रश्न तसाच. काढलेले पॅक आम्ही फेकत नाही. कागदी पाकिटात घालून, एक नंबरची पिन कुठल्या बाजूला होती त्याचं चित्र वर काढून, ते पाकीट कॅबिनेटच्या आतच चिकटवतो. काकांच्या त्या डिस्कमधलं पाकीट पिवळं पडलंय, पण त्यावरचा एक नंबरच्या पिनचा ठिपका अजून स्पष्ट दिसतो.