लिगामेंट तुटल्यानंतर पुन्हा सेंटर बॅक : माझा अनुभव

फुटबॉल खेळणाऱ्या मुलीचा गुडघा गेला की आमच्याकडे दोनच सल्ले मिळतात. "आता खेळ सोड," नाहीतर "तेल लावून बांधून ठेव, होते बरा." मला दोन्ही मिळाले. या दोहोंच्या मधला रस्ता मराठीत कुणी नीट सांगितलेला मला सापडला नाही, म्हणून लिहिते आहे. बचावात खेळणाऱ्या पोरींनी हे जरूर वाचावं. आमच्या जागेला गुडघ्याकडून जे काम लागतं, ते सगळ्या फिजिओंना ठाऊक असतंच असं नाही.

मी हिंगणघाट तालुक्यातली. घरी कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. शाळा, जिल्हा, विभाग, राज्य असं करत इंडियन विमेन्स लीगमधल्या एका क्लबपर्यंत पोचले. आशालता देवींना भारताच्या बचावात खेळताना पाहून मला सेंटर बॅकची, म्हणजे बचावफळीच्या मधोमधची जागा आवडली होती. न धावपळ करता, योग्य वेळी योग्य ठिकाणी उभं राहूनच त्या हल्ला मोडायच्या. लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान ३ लाख २० हजारांचा करार करावा, असं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं. माझा करार झाला तेव्हा बाबांना चारचौघांत "पोरगी कामावर आहे" असं म्हणता आलं.

गुडघा गेला तेव्हा मला कुणी पाडलं नव्हतं. विंगरवर, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूवर, दाब टाकायला धावले, तिने बॉल आत घेतला, मी थांबायला पाय रोवला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. 'टक्' असं काहीतरी आतून जाणवलं. बायकांमध्ये ही दुखापत पुरुषांच्या दोन ते आठ पट आढळते आणि बहुतेक वेळा टक्कर न होताच होते, हे मला पुढे कळलं. त्यातही सगळ्यात जास्त वेळा होते ती बॉल असलेल्या खेळाडूवर धावून जाऊन अचानक थांबताना किंवा दिशा बदलताना. म्हणजे जे आम्ही रोज करतो, त्यातच.

एमआरआयमध्ये एसीएल हे लिगामेंट पूर्ण तुटलेलं दिसलं, मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शाबूत होता. एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा पट्टा. तो नसेल तर माणूस सरळ चालू शकतो, पण वळताना गुडघा निसटतो. ऑपरेशनमध्ये स्वतःच्याच शरीरातला दुसरा पट्टा तिथे बसवतात, बहुधा मांडीच्या मागच्या बाजूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा. माझा मागचा घेतला. तुमचा कुठला घेणार आणि का, हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारा, कारण जिथून घेतला तो स्नायूही नंतर वेगळा तयार करावा लागतो.

खर्चाचं थोडक्यात सांगते. ऑपरेशनचे पैसे क्लबने भरले, पण करार सीझनपुरता होता. तो संपला आणि खरी मेहनत सुरू झाली ती स्वतःच्या पैशावर. म्हणून सही करण्याआधी दुखापतीचं कलम वाचा. ऑपरेशननंतरची फिजिओ त्यात आहे का? करार संपल्यावरही मिळणार का? तोंडी "बघून घेऊ" म्हणाले तर ते कागदावर मागा. मागणं उद्धटपणाचं नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत एकच ध्येय असतं: सूज उतरवणं आणि पाय पूर्ण सरळ करणं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली सोडायचा, मांडीचा स्नायू आवळायचा. दुखतं. आई मायेने गुडघ्याखाली उशी सरकवायची आणि फिजिओने नेमकं तेच बंद करायला लावलं, कारण त्याने पाय वाकडाच राहायची सवय लागते. आजी ओट्यावरून बघायची आणि म्हणायची, "पाय सरका होत नाई, अन् हे पोरगी म्हणते मी पयीन." गावातल्या घरात आणखी एक अडचण असते, जी शहरातल्या माहितीपत्रकात नसते. आपलं सगळं जमिनीवर: जेवण, निवडणं-टिपणं, संडास. उकिडवं बसायला बराच काळ मनाई असते. कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा.

मग येतात मधले महिने, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. सूज नसते, दुखत नसतं, चाल नीट झालेली असते. पण बसवलेल्या पट्ट्यात नवा रक्तपुरवठा येत असताना तो काही काळ उलट कमकुवत होतो. हे बाहेरून दिसत नाही. लोकांनाही दिसत नाही. कापूस वेचायला माणसं मिळत नव्हती आणि मी धुऱ्यावर बसून होते. "आता तं चांगली चालते, मंग काहून बसली?" असं मोठी आई विचारायची. बाबांनी एकदाच सांगितलं, "ते कामच करून राह्यली," आणि विषय संपवला. त्या वाक्यावर मी पुढचे कित्येक दिवस काढले.

जिम नव्हती. ओट्याच्या पायरीवर एका पायाने चढउतार, बाजेच्या काठावर एका पायाने बसून उठणं, पाठीवरच्या पिशवीत तूर भरून वजन वाढवत नेणं. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम: गुडघ्यांवर बसायचं, चुलतबहिणीने घोटे घट्ट धरायचे आणि अंग हळूहळू पुढे सोडायचं. अधूनमधून एसटीने नागपूरला जाऊन फिजिओकडून दोन्ही पायांची ताकद मोजून घ्यायची. मोजणं टाळू नका. आपल्याला वाटणारी ताकद आणि मोजलेली ताकद यांत माझ्या बाबतीत फार फरक निघाला.

धावणं सुरू झालं तेव्हा उन्हाळा होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून उजाडायच्या आत निघायचं. काळ्या मातीत उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, तिथे पाय ठेवायचा नाही. शाळेचं मुरमाचं मैदान कडक असलं तरी सपाट होतं.

यानंतरचं काम मात्र डिफेंडरचं. फिजिओकडे सरळ धावणं, उड्या, जमिनीवर ठेवलेल्या शंकूंभोवती वळणं अशी यादी होती. मी कोचला फोन करून दुसरी यादी बनवली. मागे धावता धावता कंबर उघडून वळणं, दोन्ही बाजूंना. तिरकं उभं राहून विंगरला बाहेरच्या बाजूला ढकलत नेणं. बचावाची रांग पुढे नेल्यावर डोक्यावरून बॉल आला तर परत फिरणं. हेडरसाठी (डोक्याने बॉल मारायला) उडी मारून आधी दोन पायांवर उतरणं, मग एका, मग हवेत असताना खांद्याला धक्का बसूनही गुडघा आत न जाऊ देता उतरणं. धक्का द्यायला बहीण उशी घेऊन उभी असायची. स्लायडिंग टॅकल, म्हणजे जमिनीवर घसरत जाऊन बॉल काढणं, सगळ्यात शेवटी. प्रत्येक गोष्ट आधी चालण्याच्या वेगाने, मग अर्ध्या वेगाने, मग समोर माणूस ठेवून.

ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत परतलं तर पुन्हा तुटायचा धोका बराच वाढतो, म्हणून तेवढं थांबवतातच. पण नुसती तारीख पुरत नाही. एका पायावरच्या उड्या आणि मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. माझं कॅलेंडर भरलं, पायाची ताकद भरली नाही. मी रडले, आणि पुन्हा पायऱ्या सुरू केल्या.

पुढे ही ९० टक्क्यांची चाचणी पार केल्यावरही भीती उरली. सरावात विंगर समोर आली की मी नकळत पाऊलभर मागेच थांबायचे, आणि तेवढ्या जागेत ती क्रॉस मारायची, म्हणजे बॉल कडेवरून गोलसमोर टाकायची. त्या काळात मी लिया विल्यमसनचे सामने पुन्हा पुन्हा पाहिले. इंग्लंडची कर्णधार, सेंटर बॅक. एप्रिल २०२३ मध्ये तिचं हेच लिगामेंट तुटलं, त्या वर्षीचा विश्वचषक हुकला, जानेवारी २०२४ मध्ये ती परतली आणि २०२५ चं युरो इंग्लंडने तिच्याच नेतृत्वाखाली जिंकलं. परतल्यानंतरच्या सामन्यांत ती पुढे पाऊल कधी टाकते एवढंच मी बघायचे. माझी भीती गेली ती छोट्या चौकोनात एकास एक खेळून. आधी विंगरला ठरलेल्या बाजूलाच जायची परवानगी, मग मोकळी.

आता मी खेळते आहे. प्रत्येक सरावाआधी फिफाचा ११+ वॉर्मअप करते: साधारण २० मिनिटं, १५ व्यायाम, त्यात धावणं, ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं. साहित्य लागतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि आठवड्यातून निदान दोनदा केला तर दुखापती कमी होतात हे अभ्यासांत दिसलं आहे. शाळेच्या मैदानावर येणाऱ्या पोरींनाही तोच शिकवते. त्यांना आधी बॉल हवा असतो, म्हणून मी बॉल वॉर्मअप संपेपर्यंत माझ्याजवळच ठेवते.